राणीबागेत एक दिवस: पाच वर्षांची लेक, नऊ वर्षांचा भाचा आणि बहात्तरीच्या सासूबाई

मेघना_ठाणे:
नमस्कार मंडळी. ऊन तापायच्या आत भायखळ्याच्या राणीबागेत प्राणी बघायला जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, लेक (वय ५), नणंदेचा मुलगा (वय ९) आणि सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात). आईंचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. "एकदा राणीची बाग बघायची आहे" असं त्या तीन वर्षं म्हणतायत आणि दर वेळी काही ना काही आडवं येतंय. यंदा नक्की जायचंच.

माझे प्रश्न दोन. पहिला सोपा आहे: किती वाजता जावं, कुठून सुरुवात करावी, आईंना किती चालावं लागेल?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. दोन वर्षांपूर्वी आम्ही लेकीला एका लहान शहरातलं प्राणीसंग्रहालय दाखवायला नेलं होतं. तिथे एक अस्वल पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नुसतं जात-येत होतं. सात पावलं, मान झटकायची, वळायचं, पुन्हा सात पावलं. लेक गजांकडे बघत म्हणाली, "आई, तो घर शोधतोय का?" मला काही बोलता आलं नाही. "चल, मोर बघू" म्हणून तिला ओढून नेलं. ते उत्तर माझ्याकडे अजूनही नाही, आणि ती पुन्हा विचारणार याची खात्री आहे. तुमच्या मुलांनी असं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?

दादरकर_मिलिंद:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बुधवारी बाग बंद असते, हे आधी लिहून ठेवा. इतर दिवशी सकाळी साडेनऊला उघडते, तेव्हा दारात हजर राहा. रविवार टाळता आला तर टाळाच. २०१७ मध्ये दर वाढले तेव्हापासून मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ आणि आई-वडील व दोन मुलं मिळून १०० असं तिकीट आहे. तुमचं कुटुंब त्यात अगदी नेमकं बसतं. सासूबाईंचं काय ते खिडकीवर विचारा. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत दहा-बारा मिनिटं, पण गुडघे दुखत असतील तर टॅक्सीच करा. चालायची ताकद आतल्यासाठी राखून ठेवा.

सई_पी:
साडेनऊलाच जा, याला माझं जोरदार अनुमोदन. आम्ही दुपारी एकला गेलो होतो. वाघ झोपलेला, बिबट्या झोपलेला, तरस दिसलंच नाही. मुलगा म्हणाला, "आई, आपण प्राण्यांच्या बालवाडीत आलोय का? सगळ्यांची झोपायची वेळ झालीय."

शंतनू_रानवाटा:
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी माझ्या मुलांना प्राणीसंग्रहालयात नेत नाही आणि नेणार नाही. बंद जागेतला वाघ बघून मुलांना वाघ कळत नाही. ज्या वाघाला मोठं रान लागतं त्याला खंदकापलीकडच्या तुकड्यात बघायचं, फोटो काढायचा आणि पुढे पेंग्विनकडे पळायचं, यात कसलं शिक्षण? तुमच्या लेकीला जे तीन वर्षांची असताना दिसलं ते आपल्याला मोठेपणी दिसेनासं होतं. मुलांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात न्या, पायवाटेने चाला, मुंग्यांचं वारूळ दाखवा, कोळ्याचं जाळं दाखवा. ते जास्त खरं आहे.

दादरकर_मिलिंद:
शंतनू, वारूळ दाखवा हे मान्य. पण बहात्तर वर्षांच्या बाईंना राणीबाग बघायची आहे, वारूळ नाही.

वृक्षवेडी:
धाग्यावर अजून कुणी झाडांबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिते. राणीबाग १८६२ च्या सुमारास उभी राहिली ती मुळात वनस्पती उद्यान म्हणून, प्राणी नंतर आले. माझ्या लेखी आजही तिथला सगळ्यात मोठा ठेवा झाडांचाच आहे. गोरखचिंच बघा. खोड इतकं जाड की तुम्ही पाचही जणांनी हात धरून कवळ घातलीत तरी ती पुरेल की नाही शंका आहे. मुलांना हे करून बघायला सांगा, माझ्या भाच्यांना वाघापेक्षा हेच जास्त आठवतं. आणि उर्वशी! मूळची म्यानमारची. फुलांचे लांब लालसर घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो. फुलं साधारण थंडी सरताना येतात, म्हणजे तुम्ही जाताय तो काळ बरोबर आहे. झाडांच्या सावलीत बाक आहेत, सासूबाईंची सोय होईल.

गिरणगाव_१९६१:
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आम्ही एकाच मातीचे. १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईची ट्राम बंद झाली. त्याआधी वडिलांचं बोट धरून ट्रामने राणीबागेत गेल्याचं माझ्या थोरल्या बहिणीला लख्ख आठवतं. हत्तीवर बसवून मुलांना फेरी मारायचे. माझ्या वाट्याला ट्राम आली नाही, हत्ती मात्र आला.

आत गेल्यावर भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती चुकवू नका. ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला 'एलिफंटा' म्हटलं तो हाच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलायला गेले आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे १९१४ मध्ये जोडून त्याला पुन्हा उभं केलं. जवळच इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आहे. ज्याच्यावरून फोर्टातल्या 'काळा घोडा' भागाला नाव पडलं तोच. १९६५ मध्ये तिथून हलवून इकडे आणला. नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगा: मूळचा काळा घोडा काळ्या घोड्यात नाही, राणीबागेत आहे.

पेठेतली_मुलगी:
पुण्याचा कुणी आहे का इथे? पेशवे पार्क! १९५३ ची बाग आणि १९५६ पासूनची फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी. सारसबागेत गणपतीला नमस्कार, मग फुलराणीत एक फेरी, मग प्राणी, मग भेळ. हा क्रम मोडला तर रविवार मोडला. पुढे प्राणी कात्रजला गेले आणि खरं सांगायचं तर प्राण्यांचं भलं झालं. पेशवे पार्कात जागाच नव्हती. कात्रजला १३० एकर आहे, त्यात मोठा तलाव, आणि नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केलेलं सर्पोद्यान. तिथेही बुधवारीच सुट्टी.

तशी पुण्याला ही हौस जुनीच. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता.

मेघना_ठाणे:
सगळ्यांचे आभार! मिलिंद, ते शंभर रुपयांचं तिकीट लक्षात ठेवलंय. वृक्षवेडी, गोरखचिंचेला कवळ घालायचं भाच्याला सांगितलं, त्याने आत्ताच भिंतीजवळ हात पसरून माप घेतलं. शंतनू, राग अजिबात नाही. तुम्ही लिहिलंत तेच माझ्या मनात अडकून बसलंय. म्हणून तर विचारतेय.

रखवालदार_निवृत्त:
मी एका प्राणीसंग्रहालयात एकतीस वर्षं प्राणीरक्षक होतो. कुठे ते सांगत नाही. तुमचा दुसरा प्रश्न वाचून लिहायला बसलो.

तुमच्या मुलीने जे पाहिलं त्याला आम्ही येरझारा म्हणायचो. प्राण्याला दिवसभर करायला काही नसलं की तो हे करतो. अस्वलाचा जंगलातला दिवस वारुळं उकरण्यात, मध काढण्यात, फळं शोधण्यात जातो. पिंजऱ्यात त्याच्यापुढे थाळी येते, दहा मिनिटांत संपते आणि बाकीचा दिवस मोकळा. नाक शोधायला बनलेलं आणि शोधायला काहीच नाही. मग तो चालतो. मुलीने "घर शोधतोय का" विचारलं ना? ती चुकली नाही. तो काहीतरी शोधतच होता.

यावर उपाय असतो आणि तो महाग नसतो. आम्ही लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडून त्यात मध भरायचो. मे महिन्यात कलिंगडाच्या फोडी बर्फाच्या लादीत गोठवून द्यायचो. चारा एका जागी न ठेवता दहा ठिकाणी लपवायचो. एकदा एका म्हाताऱ्या अस्वलाला वाळलेल्या फणसाच्या पानांचा ढीग दिला, त्यात मूठभर शेंगदाणे. सकाळी आठला दिला, ते अकरा वाजेपर्यंत त्यातच होतं. ओठ नळीसारखा पुढे काढायचं, फुंकर मारून पानं उडवायचं आणि दाणा आत ओढायचं. तो आवाज पार दारापर्यंत यायचा. त्या दिवशी ते एकदाही कोपऱ्याकडे गेलं नाही.

आणखी एक. पिंजऱ्यातला प्राणी दिसला की तो कुठून आला ते पाटीवर वाचा, नाहीतर रक्षकाला विचारा. दरवेशी अस्वलं नाचवायचे ते तुमच्या सासूबाईंनी पाहिलं असेल. नाकातून दोर ओवलेला, दात काढलेले. अशी सोडवलेली अस्वलं पुन्हा रानात सोडता येत नाहीत, ती रानात चार दिवस जगणार नाहीत. बिबट्यांचंही तेच. जुन्नरकडे उसाच्या फडात मादी विते, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती पिल्लं रात्री त्याच जागी परत ठेवतात आणि लांबून नजर ठेवतात. बहुतेकदा आई येऊन घेऊन जाते. ज्याची आई येत नाही त्या पिल्लाला माणसांनीच वाढवायचं. जन्मभर.

मुलीला खरं सांगा. पाच वर्षांच्या मुलाला खरं पेलतं. आम्ही मोठी माणसंच उगाच घाबरतो.

शंतनू_रानवाटा:
काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फणसाच्या पानांचं वाचून गलबलून आलं. पण माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात: ज्या ठिकाणी तुमच्यासारखा माणूस नाही तिथल्या अस्वलाचं काय? तिथे तिकीट काढून आपण त्या येरझारांना पैसे पुरवतो.

रखवालदार_निवृत्त:
तिकीट काढू नका असं नका सांगू. तिकीट काढा, आत जा आणि वाईट दिसलं तर लेखी तक्रार द्या. १९९२ पासून केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आहे, मान्यता तेच देतं आणि काढूनही घेतं. २००९ मध्ये त्यांनीच सगळ्या संग्रहालयांना हत्ती ठेवू नका, छावण्यांत पाठवा, असं सांगितलं. हे बदल लोकांनी बघितल्यामुळे आणि बोलल्यामुळे होतात. कुणी आत आलंच नाही तर कोण बघणार?

डॉ_ऋता:
मी पशुवैद्य आहे. काकांशी सहमत, थोडी भर घालते. सगळीच बंदिस्त जागा तमाशासाठी नसते. आपल्याकडची गिधाडं आठवा. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आज हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होते म्हणून त्यांना परत सोडायची गोष्ट तरी करता येते.

शंतनू_रानवाटा:
पिंजोरला मुलं पॉपकॉर्न खात गिधाडांना हाका मारत नाहीत, ऋताताई. फरक आहे.

डॉ_ऋता:
फरक आहे, मान्य. पण गिधाड कसं दिसतं हे ज्या मुलाने कधी पाहिलंच नाही ते मोठं झाल्यावर त्यासाठी पैसा आणि वेळ देईल असं मला वाटत नाही. मी पशुवैद्य झाले ते महाराजबागेतल्या एका आजारी चितळामुळे. नागपूरला सातवीत होते.

आणि पॉपकॉर्नवरून एक कळकळीची विनंती, सगळ्यांनाच. प्राण्यांना काहीही खायला घालू नका. वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमाखाली तो गुन्हा आहे. मी शवविच्छेदनात एका हरणाच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा काढलाय, नारळाएवढा. पोट भरलेलं दिसत होतं आणि जनावर उपाशी मेलं होतं. कुणीतरी प्रेमानेच पिशवीसकट केळं दिलं असणार.

सई_पी:
ऋता, हे वाचून अंगावर काटा आला. लेकाला वाचून दाखवलं.

पणजी_ते_फोंडा:
जरा इकडेही बघा! आमचं गोव्याचं बोंडला. सगळं अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटर, त्यात लहानसं प्राणीसंग्रहालय, पण झाडी इतकी दाट की मे महिन्यातही गार. शाळेची सहल म्हटली की बोंडलाच. गुरुवारी बंद असतं, हे दर वर्षी कुणीतरी विसरतं आणि अख्खी बस फोंड्याला देवळात वळते.

अदिती_सिंगापूर:
आमच्या इथे मंडाईला रात्रीचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. निशाचर प्राणी त्यांच्या जागं राहण्याच्या वेळी बघायचे, चांदण्याइतक्या उजेडात. आई-बाबा आले तेव्हा नेलं होतं. उघड्या गाडीतून तरस बघताना बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांच्या लहानपणी कोकणातल्या घरी रात्री तरसाचा आवाज यायचा, तरस दिसलं ते सत्तराव्या वर्षी.

मुद्दा असा की वेळ प्राण्याची पाळायची, आपली नाही. राणीबागेत सकाळी जा असं सगळे सांगतायत ते याचसाठी.

सई_पी:
पेंग्विनबद्दल कुणी लिहिलं नाही! मेघना, मुलांना आधीच सांगून ठेव की तिथे बर्फाचे डोंगर नाहीत. माझा मुलगा बर्फ नाही म्हणून रडला होता. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, खडकांत राहणारे. त्यांची खोली साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवतात. २०१६ मध्ये सेऊलहून आठ आणले होते, नंतर इथे पिल्लंही झाली. काचेच्या खालच्या भागाशी मुलांना बसवा. चालताना धडपडणारा तो पक्षी पाण्यात शिरला की सुरीसारखा जातो आणि मागे बुडबुड्यांची रेघ राहते. गर्दी पुढे ढकलते, पण एका बाजूला सरकून उभं राहायचं.

गिरणगाव_१९६१:
जेवणाचं काय ठरलं? आमची आई दशम्या आणि लसणाची चटणी बांधून न्यायची.

मेघना_ठाणे:
काका, आईंनीही दशम्याच म्हटलं! घरून पोटभर खाऊन निघायचं आणि बाकीच्या दशम्या परतताना लालबागला आईंच्या मामेबहिणीकडे, असं ठरलंय. मंगळवारी जातोय. भाच्याला शाळेची सुट्टी आहे.

(नऊ दिवसांनी)

मेघना_ठाणे:
जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण हा दिवस तुम्ही सगळ्यांनी मिळून आखलात.

साडेनऊला आत शिरलो. सुरुवात दगडी हत्तीपासून केली. आई त्याच्यासमोर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचे दादा पाळी बदलायच्या दिवशी आणायचे. याच्याजवळ उभं करायचे आणि सांगायचे, हरवलीस तर इथे येऊन थांब." एकदा त्या खरंच हरवल्या होत्या आणि इथेच येऊन थांबल्या होत्या. माझ्या नवऱ्यानेही हे पहिल्यांदा ऐकलं. भाच्याला काळा घोडा दाखवला, तो आता शाळेत सगळ्यांना कोडं घालतोय.

वाघ जागा होता, दोन फेऱ्या मारून सावलीत गेला. पेंग्विन सईने सांगितले तसेच पाहिले, एका बाजूला सरकून.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही पाणघोड्याशी थांबलो. लेकीला आधी नुसतं पाणीच दिसत होतं. मग दोन नाकपुड्या वर आल्या, उघडल्या, फुस्स झालं, दोन कान फडफडले, नाकपुड्या मिटल्या आणि पुन्हा नुसतं पाणी. तिने विचारलं, आता कधी येणार? भाचा म्हणाला, मोजू. दोघं कठड्याशी उभी राहून मोजायला लागली. दुसऱ्या वेळी लेकीने स्वतःचं नाक धरलं. तिचा दम अकरावर संपला, पाणघोड्याचा दीडशेच्याही पुढे गेला. मग आईंनी नाक धरलं! बाजूला उभं एक अनोळखी कुटुंबही मोजायला लागलं. सात-आठ जण मिळून आकडे म्हणतायत आणि पाण्यावर काहीच नाही.

आणि मग तो प्रश्न आलाच, अस्वलाशी. अस्वल चालत होतं, पण वास घेत, थांबत, माती उकरत. लेक म्हणाली, "हा पण घर शोधतोय?" रखवालदार काका, मी तुमचं ऐकलं. मी म्हटलं, "त्याचं घर रान आहे. इथे तो माणसांकडे राहतो. त्याला काही शोधायला दिलं की त्याला बरं वाटतं. हा आत्ता खाऊ शोधतोय." ती बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्या दुसऱ्याला खाऊ कोणी लपवत नव्हतं?" मी म्हटलं, "नाही." ती रडली नाही. घरी आल्यावर मात्र तिने मला बसवून पत्र लिहायला लावलं, त्या जुन्या संग्रहालयाला. मजकूर तिचा: अस्वलाला ओंडक्यात मध द्या, फणसाची पानं द्या, त्यात दाणे टाका. खाली तिने अस्वलाचं चित्र काढलं, ओठ पुढे काढलेलं. काल पोस्टाने पाठवलं.

शंतनू_रानवाटा:
मेघनाताई, त्या पत्राची एक प्रत प्राधिकरणालाही पाठवा, चित्रासकट. आणि पुढच्या रविवारी चौघांना... नाही, पाचही जणांना राष्ट्रीय उद्यानात घेऊन या. आईंना फार चालावं लागणार नाही अशी वाट मला माहीत आहे. वारूळ दाखवतो, अस्वल वारुळात काय शोधतं ते लेकीला कळेल.

रखवालदार_निवृत्त:
पानं वाळलेली हवीत हे लिहिलंत ना? ओल्या पानांचा आवाज होत नाही.

मेघना_ठाणे:
लिहिलंय काका. "वाळलेली" हा शब्द तिने दोनदा घालायला लावला.

वृक्षवेडी:
आणि उर्वशी? फुलं होती का?

मेघना_ठाणे:
दोन घोस होते, अगदी वर. आईंना मान वर करवेना, म्हणून भाच्याने खाली पडलेलं एक फूल उचलून त्यांच्या हातात दिलं. पिवळा ठिपका बरोबर होता.